पथ्य आहे, पाणी नाही

सीलबंद लेड ॲसिड बॅटरी ही साधारण अर्ध्या विटेएवढी, अर्ध्या विटेहून जड आणि अख्ख्या विटेइतकी अबोल वस्तू आहे. घरोघरी आढळणारी तिची सर्वांत रुळलेली जात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. लांबी १५१ मिलिमीटर, रुंदी ६५, उंची ९४, वजन दोन किलोंच्या वर. ती संगणकाच्या यूपीएसमध्ये असते, चोरघंटीच्या पेटीत असते, लहान मुलांच्या बसून चालवायच्या मोटारीत असते. तिची धाकटी भावंडे इमर्जन्सी दिव्यात असतात. तिचा पत्ता सांगताना ‘खाली’ हा शब्द टाळता येत नाही: टेबलाखाली, जिन्याखाली, सीटखाली. तिची आठवण लाईट गेल्यावर येते, आणि बहुतेक वेळा तोवर तीही गेलेली असते.

दुकानदार तिला ‘एसएमएफ’ म्हणतात. यातल्या शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ ‘मेंटेनन्स फ्री’, आणि बॅटरीच्या अकाली मृत्यूंपैकी बऱ्याच मृत्यूंना ही दोन अक्षरे जबाबदार आहेत. बनवणाऱ्याला एवढेच म्हणायचे असते की, हिच्यात डिस्टिल वॉटर घालावे लागत नाही. घेणारा त्याचा अर्थ असा लावतो की, हिच्याकडे पाहावेच लागत नाही. पथ्यपाणी या जोडशब्दातले पाणी तेवढे माफ झाले आहे. पथ्य जसेच्या तसे शिल्लक आहे, किंबहुना वाढले आहे.

तिच्या घराण्याचा मूळ पुरुष फ्रान्समधला. गास्तोँ प्लांते याने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून अळूवडीसारखे गुंडाळले आणि पातळ गंधकाम्लात बुडवले. वीज साठवून पुन्हा पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. त्या काळी व्यवहारात उपयोगी पडेल असा डायनॅमो नव्हता, त्यामुळे ही बॅटरी भरण्यासाठी दुसऱ्या, एकदाच वापरायच्या बॅटऱ्या जोडाव्या लागत. चार्जर कुठून आणायचा हा प्रश्न बॅटरीइतकाच जुना आहे, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा पत्र्यांवर थापण्याची युक्ती काढली आणि ही बॅटरी कारखान्यात बनवण्याजोगी झाली. आतले ॲसिड सांडू नये म्हणून ते जेलीसारखे घट्ट करण्याचे काम १९५७ च्या सुमारास जर्मनीत सोननशाइन कंपनीत झाले. ते ॲसिड काचतंतूंच्या गादीत मुरवून ठेवण्याची रीत अमेरिकेत १९७० च्या दशकात आली. टेबलाखालची बॅटरी बहुधा या दुसऱ्या रीतीची असते. हलवली तर डुचमळत नाही, त्यामुळे आत काही आहे की नाही अशी शंका येते. आहे.

आत सहा खोल्या असतात, प्रत्येकीत सुमारे दोन व्होल्टचा एक सेल. धन पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण पट्टीवर स्पंजासारखे सच्छिद्र शिसे, मध्ये गंधकाम्ल. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांचे शिशाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होऊ लागते आणि ॲसिड पाण्याकडे झुकते. चार्ज करणे म्हणजे हा संसार उलटा फिरवणे: सल्फेट मोडायचे, ॲसिड परत तिखट करायचे. हे काम संपत आले आणि तरीही वीज येतच राहिली, तर ती बिचारी काय करणार? ती पाणी फोडू लागते. धन बाजूला ऑक्सिजन, ऋण बाजूला हायड्रोजन.

सीलबंद बॅटरीची खरी करामत इथे आहे. काचेच्या गादीत ठरवून काही जागा कोरडी ठेवलेली असते. त्या वाटेने ऑक्सिजन पलीकडच्या ऋण पट्टीवर जातो आणि तिथे त्याचे पुन्हा पाणी होते. घरातले पाणी घरातच राहते. मात्र ही फेरी सावकाश चालते. वीज फार जोरात लोटली तर वायू वाटेत साचतो, दाब वाढतो, आणि वरच्या झाकणपट्टीखाली प्रत्येक सेलवर बसवलेली रबरी टोपी क्षणभर उचलली जाऊन वायू बाहेर जातो. म्हणजे सीलबंद हे विशेषणही पूर्ण खरे नाही. ही कुकरची शिट्टीच आहे, फक्त आवाज नसलेली. त्यामुळे किती झाल्या हे कोणी मोजत नाही. प्रत्येक शिट्टीबरोबर थोडे पाणी कायमचे जाते, आणि ते परत घालायला भोक नाही.

आता प्रत्यक्ष चार्जिंग. ही प्रक्रिया पंगतीतल्या जेवणाशी इतकी जुळते की पंगतीत चार वर्षे वाढलेल्या माणसाला चार्जरचा आराखडा वेगळा शिकवावा लागू नये. पहिला टप्पा भुकेचा. रिकामी बॅटरी समोर येईल तेवढा करंट घेऊ पाहते, म्हणून हात आखडता घेण्याची जबाबदारी वाढप्यावर येते. अँपिअर-तासांच्या आकड्याचा दहावा भाग हा सोसवणारा करंट. तिसऱ्या भागाच्या जवळपास कमाल मर्यादा. ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.७ अँपिअर सुखाचा, आणि तिच्या अंगावर बहुधा छापलेलेच असते की सुरुवातीचा करंट २.१ अँपिअरच्या पुढे नको. गॅरेजमधला ट्रकच्या बॅटरीचा चार्जर तिला लावणे म्हणजे तान्ह्या मुलाला परातीत जेवायला वाढणे.

ठरावीक करंट देत राहिले की व्होल्टेज हळूहळू चढते. ते १४.४ ते १४.७ च्या दरम्यान पोचले की पहिला टप्पा संपतो. एव्हाना बॅटरी सत्तर-ऐंशी टक्के भरलेली असते आणि ०.७ अँपिअरच्या हिशेबाने सात-आठ तास झालेले असतात. दुसऱ्या टप्प्यात वाढपी व्होल्टेज तिथेच स्थिर धरतो आणि करंट किती घ्यायचा ते बॅटरीवर सोडतो. पाहुणा नको म्हणत नाही, फक्त घास लहान करत जातो. अर्ध्या अँपिअरचा पाव होतो, पावाचा त्याहून कमी. करंट ०.२ अँपिअरच्या आसपास येऊन ठेपला की पोट भरले. हे शेवटचे वीस-तीस टक्के भरायला जवळपास आधीइतकाच वेळ लागतो, आणि माणसांची सहनशक्ती नेमकी इथे संपते. स्वस्त चार्जरचा हिरवा दिवा बऱ्याचदा १४.४ व्होल्ट आले की लागतो, जेवणारा अजून मठ्ठ्यापर्यंतही पोचलेला नसताना. तेवढ्यावर पान उचलले की बॅटरी दर वेळी अर्धपोटी उठते.

तिसरा टप्पा बडीशेपेचा. चार्जर व्होल्टेज १३.५ ते १३.८ पर्यंत खाली आणतो आणि तिथे ठेवतो. बसल्या बसल्या बॅटरीची जी थोडी वीज आपोआप झिरपते, तेवढी भरून काढायला हे पुरते. याला फ्लोट म्हणतात, आणि या व्होल्टेजवर बॅटरी वर्षानुवर्षे जोडून ठेवता येते. यूपीएस आणि चोरघंटी याच टप्प्यावर जगतात.

वरचे दोन्ही आकडे बॅटरीच्या अंगावर इंग्रजीत छापलेले असतात: एक ओळ ‘स्टँडबाय यूज’ची, एक ‘सायकल यूज’ची. दुसरी ओळ वाचून ही सायकलला लावायची बॅटरी आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. तिचा अर्थ एवढाच की बॅटरी वापरायची, उतरवायची आणि मग भरायची, असे चक्र असेल तर १४.४ ते १५ व्होल्ट. कायम जोडून ठेवायची असेल तर १३.५ ते १३.८. दोन ओळींत फरक जेमतेम व्होल्टभराचा. पण सायकलचे व्होल्टेज देऊन बॅटरी महिनाभर जोडून ठेवली तर तो जिलेबीचा आग्रह होतो. पोट भरलेले असते, वाढपी हटत नाही, वायू सुटतो, अंग तापते, धन पट्टीची जाळी गंजते, आणि एके दिवशी पेटीच्या बाजू फुगलेल्या दिसतात.

महाराष्ट्रात हा आग्रह २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी झाला. त्या काळातल्या स्वस्त इमर्जन्सी दिव्यांत चार्जर म्हणून एक छोटा ट्रान्सफॉर्मर, दोन-चार डायोड आणि परमेश्वराची कृपा एवढेच असे. व्होल्टेजवर कोणाचा लगाम नाही. रात्री मेनचा दाब वाढला की दिव्यातला दाबही वाढे. दहावीच्या मुलाच्या अभ्यासासाठी आणलेला दिवा दिवसरात्र प्लगला लटकत राही आणि अंधार पडल्यावर चार मिनिटे उजळून मंद होई. मूल मोठे झाले, दिवा माळ्यावर गेला. दिव्यात खोट होती असे अजून मानले जाते. बहुतांशी तो अतिजेवणाने गेला होता.

उलट टोकाला उपास आहे, आणि तो आग्रहाहून वाईट. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत ठेवली की पट्ट्यांवरच्या सल्फेटचे बारीक कण हळूहळू मोठे, कठीण खडे बनतात. मग चार्जर कितीही वीज लोटो, ते खडे विरघळत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलाने खेळण्यातली मोटार चालेनाशी होईपर्यंत चालवली, ती तशीच खाटेखाली गेली आणि मे महिन्यात बाहेर आली, तर तिच्या पोटात हे घडून गेलेले असते. १२ व्होल्टची बॅटरी वापरताना १०.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये आणि वापर संपला की त्याच दिवशी चार्जिंगला लावावी. नुसती ठेवायची असेल तर पूर्ण भरून, थंड जागी. तरीही महिन्याला साधारण तीन टक्के वीज गळतेच, म्हणून सहा महिन्यांनी एकदा पुन्हा भरावी. श्राद्धाची तिथी लक्षात राहते तर हेही राहायला हरकत नाही.

इथे शेजारधर्माने मिळणाऱ्या सल्ल्यांचा विचार करणे भाग आहे. ‘पूर्ण उतरवा आणि मगच चार्जिंगला लावा’ हा त्यातला सर्वांत आत्मविश्वासाने दिला जाणारा सल्ला. तो निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला आहे. त्या सेलना थोडे वापरून थोडे भरण्याची सवय जडते असे म्हणत. शिशाच्या बॅटरीला असली सवय नाही. ती दर वेळी पूर्ण उतरवली तर सुमारे दोनशे फेऱ्यांत थकते. तीस टक्केच वापरून भरत गेले तर हजाराच्या पुढे जाते. दुसरा सल्ला मोबाइलवरून आलेला: ऐंशी टक्क्यांवर थांबवा. तो लिथियमसाठी ठीक आहे. शिशाला काठोकाठ भरून ठेवलेलेच मानवते. तिसरा सल्ला इंजेक्शनच्या सिरिंजने रबरी टोपीखाली पाणी सोडण्याचा. कोरड्या पडलेल्या बॅटरीत त्याने कधी थोडी धुगधुगी येते, पण गंजलेली जाळी पाण्याने भरून येत नाही, आणि टोपी पुन्हा नीट बसली नाही तर बाहेरची हवा आत शिरून उरलेसुरले शिसे खाते. बॅटरी उन्हात ठेवणे, तिला चापट मारणे, टोके चाटून पाहणे हे सल्ले केवळ नोंदीसाठी दिले आहेत.

तापमानाकडे वळू. बॅटरीवर छापलेले व्होल्टेज २५ अंश सेल्सिअसला धरलेले असते, आणि २५ अंश ही महाराष्ट्रात वर्षातून थोडेच दिवस भेटणारी गोष्ट आहे. उष्णता वाढली की आतल्या क्रियांचा वेग वाढतो, म्हणून व्होल्टेज कमी द्यावे लागते: फ्लोटवर प्रत्येक अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीमागे साधारण १८ मिलिव्होल्ट. चंद्रपुरात मे महिन्यात टेबलाखाली ४५ अंश असतील तर १३.६ चे १३.२४ करायला हवे. महाबळेश्वरी जानेवारीत १० अंशांना तेच १३.८७. चांगल्या चार्जरला यासाठी तापमान ओळखणारा सेन्सर असतो. स्वस्त चार्जर चंद्रपूर आणि महाबळेश्वर यांच्यात भेदभाव करत नाही. शिवाय दर दहा अंशांच्या वाढीला बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. पाच वर्षांची बॅटरी ३५ अंशांत अडीच वर्षांची होते, आणि यूपीएसच्या पेटीत ट्रान्सफॉर्मरच्या मांडीला मांडी लावून बसवलेली बॅटरी किती काळ टिकेल हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको.

उष्णतेचा एक प्रकार फार वाईट. गरम बॅटरी जास्त करंट घेते, त्या करंटने आणखी गरम होते, आणखी करंट घेते. व्होल्टेज कमी करणारे कोणी नसेल तर हे भांडण पेटी वितळेपर्यंत चालते. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीला अधूनमधून हात लावून पाहावे. कोमट चालेल. हात काढून घ्यावासा वाटला तर आधी प्लग काढावा. सडक्या अंड्याचा वास आला तर कारण स्वयंपाकघरात शोधू नये. तापून बिघडलेली बॅटरीही तो देते.

वायूविषयीही थोडे. सुटलेला हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की ठिणगीची वाट पाहत बसतो. सीलबंद बॅटरी नेहमी एवढा सोडत नाही, पण आग्रह झाला तर सोडते. म्हणून बंद डब्यात, कपाटात, किंवा पिशवीत गुंडाळून चार्ज करू नये. देवघराखालच्या कप्प्यात तर नाहीच, कारण वरती निरांजन असते. आधी चार्जर बंद ठेवून चिमटे जोडावेत, लाल लालला आणि काळा काळ्याला, मग प्लगचे बटण दाबावे. काढताना आधी बटण, मग चिमटे. उलटी ठेवून चार्ज करू नये. वापरताना आडवी चालते हे खरे, पण डोक्यावर उभे राहून जेवणे कोणालाच मानवत नाही. आणि १२ व्होल्टला काय घाबरायचे, या वाक्याबद्दल सावध राहावे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे बरोबर. परंतु दोन्ही टोकांवर पाना किंवा हातातले कडे आडवे पडले तर ही अर्धी वीट क्षणात काही शे अँपिअर सोडते आणि ते कडे लाल होते. तारेत बॅटरीजवळच फ्यूज हवा.

वेळेचा हिशेब भागाकाराने होत नाही. सात अँपिअर-तास भागिले ०.७ म्हणजे दहा तास, असे शाळेतले गणित सांगते. प्रत्यक्षात बारा ते सोळा लागतात, कारण शेवटचे घास लहान असतात आणि काढले त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त घालावे लागते. गावच्या नळयोजनेच्या मानाने ही गळती किरकोळ. उतरतानाही असाच घोळ. ७ हा आकडा वीस तास ०.३५ अँपिअर काढले तरचा आहे. जास्त जोराने काढले की हाती कमी येते, हे जर्मनीत पोइकर्ट याने १८९७ साली नियमात बसवून ठेवले. संगणकाने यूपीएसमधून वीसएक अँपिअर ओढले की तासाचा तिसरा भाग मिळायला हवा. मिळतात दहाएक मिनिटे. त्यातली सात फाइल कुठे सेव्ह केली हे आठवण्यात जातात.

बॅटरीची तब्येत व्होल्टमीटरवर पाहता येते, पण घाईने नाही. चार्जरवरून नुकत्याच उतरलेल्या बॅटरीचे १३.२ व्होल्ट म्हणजे जेवणानंतरचा ढेकर. त्यावरून पोटात काय आहे ते कळत नाही. काही तास नुसती ठेवावी. मग १२.८ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. थकलेली बॅटरीही नुसत्या मीटरला १२.७ दाखवू शकते, बिनकामाच्या माणसाचा नोकरीच्या अर्जावरचा फोटो जसा उमदा असतो तसा. मोटारीचा दिवा जोडून पुन्हा मोजावे. व्होल्टेज धाडकन कोसळले तर खरी स्थिती कळली.

मोठ्या यूपीएसमध्ये दोन किंवा अधिक बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांतली एक गेली की ‘एकच बदलू’ हा विचार काटकसरीचा म्हणून केला जातो. म्हातारा आणि खोंड एका जुवाला जुंपल्यासारखे ते होते. जुनी लवकर भरते आणि नवी भरेपर्यंत तिला आग्रह सोसावा लागतो. वापरताना जुनी आधी रिकामी होते आणि नवी तिला उलट्या दिशेने रेटते. काही महिन्यांत दोन्ही बदलाव्या लागतात. त्या एकदमच बदलाव्यात, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या.

छापील क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरलेली बॅटरी शास्त्राप्रमाणे निवृत्त होते. ती कचऱ्यात टाकायची नसते. शिसे विषारी आहे आणि ॲसिडही अजून आत असते. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था भारतात २००१ च्या नियमांपासून आहे, आता त्यांच्या जागी २०२२ चे नियम आहेत. दुकानदार त्यासाठी नियमांची वाट पाहत नाही. तो जुनी बॅटरी काट्यावर ठेवतो आणि नव्या किमतीतून तेवढे वजा करतो. काट्यावर जिवंत आणि मेलेली बॅटरी सारखीच भरते, त्यामुळे तिने किती सोसले याची चौकशी तिथे होत नाही. नवी घेताना तिच्यावरचा तारखेचा शिक्का पाहावा आणि घरी आणल्यावर वापरण्याआधी तिला एक रात्र चार्जिंगला लावावी. दुकानाच्या फळीवर ती किती महिने उपाशी बसली होती, हे बिलावर लिहिलेले नसते.